माझ्या नावाची कंदुरी

ज्या जेवणात बोकड माझ्या नावाचा, नवस माझ्या नावाचा, आणि आलेला प्रत्येक पाहुणा ज्या पोरीची तब्येत विचारतो ती पोरगीही मीच, त्या जेवणात एका वर्षी मला दूध-भाकरी वाढली होती. पंगतीपासून लांब, लिंबाखाली, स्टीलच्या ताटात, वर दुसरं ताट पालथं घालून. मी ती खाल्ली नाही. जेवणाआधीची इन्सुलिनची सुई अजून घेतली नव्हती, म्हणून रागावण्याची तेवढी चैन मला परवडली. भाकरी कुत्र्याला घातली, दूध लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि पायवाटेनं एकटीच घरी आले. अन्नाचा अपमान केला म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा झाला होता त्याचं कुणाला काही नव्हतं.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून आत. आमच्या शेताच्या बांधावर एका पिराचा दर्गा आहे, चुना लावलेला, चार माणसं जेमतेम बसतील एवढा. आम्ही हिंदू, शेतकरी, पण त्या पिराशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. कुणाचं काही अडलं की गावात कंदुरी बोलतात. बोकड कापायचा, तिथंच तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचा, मलिद्याचा निवद दाखवायचा, गावच्या मुलाणी चाचांनी फातेहा वाचला की पंगती बसवायच्या. एक नियम कडक आहे. कंदुरीचं अन्न घरी न्यायचं नाही, बोटभर रस्सासुद्धा नाही. जे शिजलं ते त्याच जागी, त्याच दिवशी संपवायचं. त्यामुळे मला डब्यात काढून द्यावं आणि मी ते घरी निवांत खावं, ही पळवाटही नव्हती. खायचं तर सगळ्यांच्या देखत, नाहीतर नाहीच.

ही कंदुरी आईनं बोलली तेव्हा मी दहावीत होते. घागरभर पाणी पिऊनही माझी तहान भागत नव्हती, आणि गणवेश अंगावर लटकायला लागला होता. अभ्यासाचा ताण आहे म्हणून सगळे गप्प बसले आणि एक दिवस मी शुद्धीवरच राहिले नाही. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या अंगात इन्सुलिन तयार होणंच थांबलं आहे, गोळ्यांचा उपयोग नाही, आता जन्मभर सुया. आईला त्यातलं फक्त जन्मभर एवढंच समजलं. तिनं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पदर पसरला आणि पोरगी उठून जेवली तर दरसाल कंदुरी करीन, असं पिराला सांगितलं. मी उठले आणि जेवले. तेव्हापासून दरसाल बोकड कापला जातो.

शिक्षण झाल्यावर मी जाफराबादला शिवणाचं दुकान टाकलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक गाळा, दोन मशिनी, एक पिको-फॉलचं यंत्र, आणि वर माळ्यावर माझी राहायची खोली. गाळ्याचा मालक दादाच्या ओळखीचा, बोलणीही दादानंच केलेली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं आणि माझ्या औषधपाण्यात कधी हात आखडला नाही, हे मी कुणासमोरही कबूल करीन. पण तो रोज सकाळी फोन करायचा आणि मी कशी आहे हे न विचारता आज साखर किती आहे ते विचारायचा. कापसाचा भाव विचारतात तसा. आकडा वर असला की काय खाल्लंस, खाली असला की का खाल्लं नाहीस. माझ्या बोटातलं रक्त हे सगळ्या घराचं सामाईक शेत झालं होतं. वहिनी विचारायची, आत्या विचारायची, गावात गेले की पारावरची माणसंही विचारायची, आणि वर कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथीचं पाणी असले सल्ले. सल्ल्याला काही लागत नाही, तोंड तेवढं लागतं.

मग ते पडण्याचं प्रकरण झालं. ते मला नीट सांगितलंच पाहिजे, कारण गावात त्याची भलतीच गोष्ट झाली आहे.

कंदुरीला आधी पुरुषांच्या पंगती उठतात, मग बायका बसतात. त्या वर्षी बायकांना हाक आली, पत्रावळी मांडल्या, म्हणून मी सवयीप्रमाणे जेवणाची सगळी सुई टोचून घेतली. भाकरी, भात आणि मलिदा या सगळ्यांच्या हिशेबानं, एकदम. मटणाचा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता, कारण मटणात साखर कुठं असते? इतक्यात जीप भरून पाहुणे आले. लांबचे, वाटूरकडचे. झालं. बायांनो, जरा उठा, पाव्हण्यांना बसू द्या. आम्ही सगळ्याजणी पदर सावरत उठलो, कारण उठायचंच असतं. पाहुणे सावकाश जेवले, गप्पा मारत, रस्सा मागून मागून. माझ्या अंगात सुई कामाला लागली होती आणि पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. चुलीजवळ उभी असताना हात थरथरायला लागले, घाम फुटला, आणि मी आडवी झाले. आईनं साखरेचं पाणी पाजलं, ते बरोबर होतं. पण मी डोळे उघडल्यावर चारही बाजूंनी माया सुरू झाली. कुणी मलिद्याचे गोळे भरवले, तूप निथळणारे, कुणी वाटीभर तर्री पाजली, अंगात ताकद येईल म्हणून. संध्याकाळपर्यंत साखर अशी चढली की ती मोजायच्या मशीनवर आकडाच येईना, नुसती अक्षरं आली. उलट्या सुरू झाल्या आणि जाफराबादच्या दवाखान्यात सलाईन लागलं.

गावानं निकाल दिला: पोरगीला मटण सोसत नाही. मी पडले तेव्हा माझ्या पोटात मटणाचा कणही गेला नव्हता. मी पडले ती पाहुण्यांच्या पंगतीमुळे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर मटणासारखा संन्यासी कुठं मिळणार?

दादानं दवाखान्यातच विषय काढला. एकटी खोलीत असतीस तर कोण होतं तिथं? दुकान बंद कर, मशिनी घरी आण, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिव. मी नाही म्हणाले. तो रागानं नव्हे, भीतीनं बोलत होता, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं. शेवटी त्यानं एवढंच सांगितलं की आणखी एकदा अशी पडलीस तर मी मालकाला फोन करीन आणि टेम्पो घेऊन येईन. तो बोलला की करतो. पुढच्या वर्षी दूध-भाकरीचं ताट आलं ते त्या भीतीतूनच. त्या शहाण्यांना हे कुणी सांगायचं की दूध-भाकरीनं माझी साखर मटणापेक्षा जल्दी चढते?

लिंबाखालच्या त्या ताटानंतर मी जालन्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना कंदुरीची सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, तेलकट टाळा. मी म्हणाले, खाऊ की नको हे विचारायला मी आलेली नाही, कसं खाऊ ते विचारायला आलेय. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यांदा मला आजारी पोरगी न समजता बोलले.

त्यांनी सांगितलं ते असं. नुसत्या भाकरीची साखर लवकर रक्तात येते. तिच्यावर तर्री ओतली की चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर उशिरा यायला लागते आणि बराच वेळ येत राहते. शिवाय चरबीनं इन्सुलिनचा जोरही कमी पडतो. सुई मात्र आपल्या वेळेलाच धावते. म्हणजे सगळी सुई आधी घेतली तर पहिल्यांदा साखर पडायची भीती, आणि खरी साखर येईल तेव्हा सुई दमलेली. म्हणून अशा जेवणाला सुईचे दोन वाटे करायचे. पहिला ताट समोर आल्यावर, दुसरा नंतर, साखर तपासून. कोणता वाटा केवढा हे माझे आकडे बघून ते ठरवणार होते. आकडा वर दिसला म्हणून घाबरून सुईवर सुई घ्यायची नाही, आधीची अजून अंगात काम करत असते, हे त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं. आणि हे माप तुमच्यापुरतं आहे, गावात वाटू नका, असंही.

मग मी वर्षभर शिकले. रविवारी माळ्यावर मटण शिजवायचं, चांगलं तेल सुटेपर्यंत, आणि जेवून खाली दुकानात येऊन बसायचं. हुक लावता लावता बोट टोचायचं, काज करता करता पुन्हा टोचायचं. एकदा दुसरा वाटा कमी पडला आणि रात्र तहानेत गेली. एकदा घाई केली आणि गिऱ्हाइकासमोर साखरेची पुडी फोडून तोंडात टाकावी लागली. शिवणात माप चुकलं तर उसवता येतं, इथं टोचलेलं परत काढता येत नाही. दर खेपेला डॉक्टरांना आकडे कळवायचे, ते माप बदलायचे. हळूहळू माझ्या अंगाचा हिशेब मला कळायला लागला. जेवणानंतर लगेच सगळं शांत दिसतं, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुपार कलली की साखर निघते. हे मी पाठ केलं.

यंदाच्या कंदुरीला मी सकाळीच गावी गेले. कापसाची वेचणी उरकत आली होती, त्यामुळे गर्दी बरीच होती. दादा चुलीशी उभा होता. मला बघताच त्यानं ताट लिंबाखाली ठेवायला सांगितल्याचं सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले की मी पंगतीत बसणार आहे, सगळं खाणार आहे, तर्रीसकट.

"आन् पडलीस तर?"

"पडले तर टेम्पो घिऊन ये. मी सोता मशिनी चढवू लागते."

दुकान मी डावावर लावलं होतं, तेही दादासारख्या शब्दाच्या पक्क्या माणसाशी. पण शब्द परत घ्यायचा तर त्या ताटावरचं झाकण मीच उचलायला हवं होतं, आणि ते माझ्यानं झालं नसतं.

फातेहा झाला. पुरुषांच्या पंगती उठत गेल्या. बायकांना हाक आली तेव्हा मी पहिल्याच पत्रावळीवर जाऊन बसले, पण सुई पिशवीतच ठेवली. शेजारी आत्या होती. तिनं विचारलं, औषध घ्यायचं नाही का? मी म्हणाले, आधी भाकरी दिसू दे. आई भाकऱ्यांची पाटी घेऊन निघाली, माझ्या पत्रावळीवर भाकरी पडली, मागून वहिनीनं मटण वाढलं. लाल तर्री भाकरीच्या कडेनं पसरली. मग मी बोट टोचलं, आकडा पाहिला, आणि सगळ्यांसमोर पोटावरचा पदर जरा बाजूला करून सुईचा पहिला वाटा घेतला. दोन बायकांनी माना वळवल्या. एकीनं नीट पाहिलं. पाहू दे.

पहिला घास मोडतेय तोच बांधावरून जीप आली. यंदाही वाटूरचीच. मला हसू यायला हवं होतं, पण रागानं कान तापले. दादा लगबगीनं पुढं आला आणि त्यानं ते वर्षानुवर्षांचं वाक्य म्हटलं, बायांनो, जरा उठा. बायका उठायलाही लागल्या. एवढी सवय असते आपल्याला उठायची की गुडघे डोक्याला विचारत नाहीत. दादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की तुला वाढलंय, तू पत्रावळ घे आणि लिंबाखाली बस.

"मी सुई घेतलीय," मी म्हणाले. "आता मी उठणार न्हाई. आन् ह्या बायाबी उठणार न्हाईत. त्या साली मटणानं न्हाई पडले मी. ह्याच्यानं पडले."

दादाचा चेहरा उतरला, कारण पाहुणे दहा पावलांवर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मला त्याची दया आली, खोटं का बोलू, पण मी भाकरीवरून हात काढला नाही. तेव्हा आई, जी आजपर्यंत एकाही कंदुरीला पंगतीत वेळेवर बसली नव्हती, तिनं भाकऱ्यांची पाटी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी मांडी घातली.

"नवस म्या बोलले व्हते," ती दादाला म्हणाली. "पोरगी उठून जेवावी म्हनून. जेवता जेवता उठावी म्हनून न्हाई."

आत्या परत बसली. मग एकेक करत सगळ्या बसल्या. पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की आम्ही आधी दर्ग्याला नारळ फोडून येतो, बायांना निवांत जेवू द्या. राहिला प्रश्न पाटीचा. आई बसलेली, वहिनीच्या हातात मटणाचं पातेलं, आणि अर्ध्या पत्रावळी कोऱ्या. दादानं इकडंतिकडं बघितलं, पाटी उचलली आणि बायकांच्या पंगतीत वाकून भाकऱ्या वाढायला लागला. आमच्या घरात हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

आणि मी जेवले. काय सांगू, कसलं झालं होतं मटण! चुलीचा धूर, काळा मसाला, हाडाला सुटलेलं मऊ मांस. बोटं चाटली, मलिद्याचा एक गोळा मापानं खाल्ला आणि दुसऱ्याला नाही म्हणाले, कारण ते नाही माझं होतं. माझ्या नावच्या बोकडाचं मटण मी इतक्या वर्षांनी पोटभर खाल्लं आणि मला रडू आलं. आत्याला वाटलं तिखट लागलं.

जेवणानंतर दादा माझ्याभोवती घुटमळत राहिला. बऱ्याच वेळानं मी बोट टोचलं, तर आकडा अगदी शहाण्या मुलासारखा जागेवर. दादानं श्वास सोडला आणि विचारलं, झालं ना मंग? मी म्हणाले, न्हाई, आता चढंल. त्याला वाटलं मी मुद्दाम घाबरवते आहे. आम्ही घरी आलो, चहा झाला, ऊन अंगणातून भिंतीवर गेलं, आणि साखर निघाली. पुढच्या खेपेला आकडा बराच वर होता. दादा ताडकन उठला आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. दवाखान्यात चल म्हणाला.

"खाली बस," मी म्हणाले. "ही तर्रीची साखर हाय. हिच्यासाठीच दुसरा वाटा राखून ठेवला व्हता. बराबर टायमाला आलीय."

तो बसला नाही, पण किल्ली खिशात टाकली. मी डॉक्टरांनी ठरवून दिलेला वाटा घेतला, तेवढाच, आकडा बघून मन हललं तरी वर काही नाही. मग वाट पाहिली. हे वाट पाहणं सगळ्यात कठीण असतं. दादा उंबऱ्यात बसून होता, आई तांदूळ निवडत होती, आणि मी माझ्या हातांकडे बघत होते, ते थरथरत नाहीत ना म्हणून. पुन्हा टोचलं तेव्हा चढण थांबली होती. त्यानंतर टोचलं तेव्हा आकडा उतरायला लागला होता. काही चमत्कार नव्हता. मला हवा होता तेवढा खाली तो आला नव्हता, पण कुठं चालला आहे ते मला माहीत होतं.

मी पिशवी भरली. आई म्हणाली, रातभर राहा. मी म्हणाले की सकाळी गिऱ्हाइकं येतील. दुसरी सुई अजून अंगात होती, म्हणून साखरेच्या पुड्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, झोपण्याआधी पुन्हा तपासायची आठवण फोनवर लावली, आणि बाहेर आले. दादानं मोटारसायकल चालू केली.

टेंभुर्णीच्या फाट्यावर जाफराबादची जीप अजून भरायची होती. मी तिथंच उभ्या उभ्या बोट टोचलं. दादा वाकून बघायला लागला, तशी मी मशीन पदराखाली घेतली.

"किती हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाई सांगत."

"म्हंजी?"

"म्हंजी बरी हाय. मी बरी हाय का इचार, सांगते. आकडा माझा हाय, त्यो आता कुनालाच सांगणार न्हाई. तुलाबी न्हाई."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. जीपवाल्यानं हाक दिली, मी मागच्या बाकावर चढले, पिशवी मांडीवर घेतली. जीप सुरू झाली तसा तो खिडकीशी आला.

"तुझ्या वहिनीचे दोन ब्लाऊज शिवायचेत," तो म्हणाला. "कापड कवा आणून दिऊ?"

"उद्या आण," मी म्हणाले. "दहाच्या आत नगं येऊ. दुकान दहाला उघडतं."